काकांचा लॅपटॉप, एक पेनड्राइव्ह आणि भलत्याच जागी वाटणारी भीती

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या, लाइट जाणार आणि कोणाचा तरी लॅपटॉप माझ्याकडे येणार. या वेळी आला तो शेजारच्या काकांचा. देवगड तालुक्यात खाडीकाठी त्यांच्या तीन खोल्या आहेत भाड्याने द्यायच्या, लॅपटॉपवर बुकिंगची एक्सेलमधली वही, मेल, आणि संध्याकाळी डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचे व्हिडिओ, बस. ४ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्ड डिस्क, वर विंडोज १०. चालू करून चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळून आलं तरी डेस्कटॉप यायचाच असतो.

त्यात सपोर्ट संपल्याची सूचना सारखी वर येऊन बसते. ती खरीच आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण ते म्हणजे आजचं मरण उद्यावर. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्ये हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, काकांचा सहाव्या पिढीचा. दुकानात विचारलं तर नवीनच घ्या म्हणाले. काका म्हणाले आंब्याचे पैसे हातात येऊदेत मग बघू, म्हणजे नाही घेणार.

मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं, तीही विंडोजसारखीच मशिन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, पण फुकट. पडवीत बसून तिचा पेनड्राइव्ह लावला, रीस्टार्ट केला, एफ १२ दाबत राहिलो, आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात चार ओळी आल्या. काका जवळजवळ ओरडलेच, "मेल्या, थंय हात लावू नको, सगळा उडतला!" आणि अर्ध्या तासाने जेव्हा छान रंगीत खिडकी आली, खाली मोठं बटण, तेव्हा तेच काका म्हणतात, "हां, ह्या बरा दिसता, दाब दाब." आता गंमत बघा, काळ्या स्क्रीनवर काहीही उडणार नव्हतं आणि त्या गोड बटणावर त्यांची दहा वर्षांची वही उडणार होती. हे फक्त काकांचं नाही, मी बघितलेल्या जवळपास प्रत्येकाचं असंच होतं, घाबरायचं तिथे घाबरत नाहीत आणि नको तिथे घाम फुटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कॉम्प्युटर चालू होतो म्हणजे काय होतं ते बघू. देवळातला गुरव डोळ्यासमोर आणा. पहाटे तो येतो, दार उघडतो, झाडलोट करतो, समईत तेल आहे का बघतो, घंटा जागेवर आहे का बघतो. भजन त्याला म्हणता येत नाही, ते बुवांचं काम. पण बुवांना बोलवून आणायचं काम त्याचं, आणि त्याच्याकडे एक ठरलेली यादी असते, आधी या घरी विचारायचं, नाही भेटले तर त्या घरी. लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असाच एक छोटा प्रोग्राम कायमचा बसलेला असतो, जुन्या मशिनमध्ये त्याला बायॉस म्हणायचे, साधारण विंडोज ८ च्या काळापासूनच्या मशिनमध्ये तो यूईएफआय असतो, बोलताना लोक दोघांनाही बायॉसच म्हणतात. बटण दाबलं की तो रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का बघतो आणि मग यादीप्रमाणे एकेक दार ठोठावतो, ह्याच यादीला बूट ऑर्डर म्हणतात. ज्या दारात ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारं कोणी सापडेल त्याच्या हातात मशिन देऊन हा बाजूला होतो. एरवी पहिलं दार हार्ड डिस्कचं असतं म्हणून विंडोज उघडतं. एफ १२ दाबून आपण एवढंच सांगतो की बाबा आज आधी पेनड्राइव्हच्या दारात जा. आजच्यापुरतं. उद्या परत यादी तीच. मग यात उडायचंय काय?

आता पहिली खरी अडचण, जिथे लोक अडकतात आणि मग पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून दुसरा विकत आणतात. सिस्टिमची आयएसओ फाइल डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर कॉपी पेस्ट केली, लावली, मशिन म्हणतं बूट करण्यासारखं काही नाही. होणारच. ती फाइल म्हणजे अख्खं बिऱ्हाड एका गाठोड्यात बांधलेलं, गुरव दारात जाऊन हाक मारतो, आत गाठोडं पडलंय, ओ कोण देणार? गुरवाला गाठोडी सोडता येत नाहीत, तो फार साधा माणूस आहे, तो फक्त ठरलेल्या जागी बघतो. जुना बायॉस डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचतो, तिथे सुरुवात करून देणारा छोटासा कोड असला पाहिजे. यूईएफआय जरा शिकलेला, तो एफएटी ३२ फॉरमॅटचा, म्हणजे त्या पद्धतीने फाइली मांडलेला भाग शोधतो, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर, त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय अशी फाइल. ती तिथे असेल तर ठीक, नाहीतर पुढचं दार. म्हणून आयएसओ कॉपी करून चालत नाही, ती उलगडून पेनड्राइव्हवर लिहावी लागते, म्हणजे सामान ठरलेल्या जागी मांडून. बूटेबल पेनड्राइव्ह म्हणतात तो एवढाच, पेनड्राइव्ह तोच दुकानातला साधा, आतली मांडणी वेगळी.

आयएसओ हे नाव सीडीच्या जमान्यातलं, सीडीवर फाइली कशा मांडायच्या त्याच्या १९८८ च्या आयएसओ ९६६० ह्या मानकावरून आलेलं. सीडीवरून बूट कसं करायचं ते १९९५ च्या सुमारास ठरलं आणि त्याला एल टोरिटो म्हणतात, असं सांगतात की ती कल्पना कॅलिफोर्नियातल्या त्या नावाच्या मेक्सिकन हॉटेलात जेवताना सुचली. आपल्याकडे असतं तर मानकाचं नाव सोलकढी झालं असतं.

लिहायचं काम करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. विंडोजवर असाल तर रुफस, अगदी छोटी फाइल, इन्स्टॉलसुद्धा करावी लागत नाही. बलेना एचर आणखी सोपं, तीन बटणं फक्त. आणि माझ्यासारख्याकडे सारखे लॅपटॉप येत असतील तर व्हेंटॉय, ते एकदा पेनड्राइव्हवर टाकलं की मग खरंच आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, एकावर चार-पाच ठेवा, सुरू होताना यादी येते कुठली हवी म्हणून. म्हणजे वर जे चालत नाही म्हणालो ते ह्यात चालतं, कारण गाठोडं सोडणारा माणूस व्हेंटॉयने आधीच दारात बसवलेला असतो.

पेनड्राइव्ह किती मोठा, तर ८ जीबी पुरे. लावल्यावर ७.४ दिसेल, फसवलं नाही कोणी, बनवणारा १००० ने भागतो आणि विंडोज १०२४ ने. हो आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, त्यात मागच्या गणपतीचे व्हिडिओ असतील तर आधी काढून घ्या. खारी हवा असल्यामुळे आमच्याकडे पेनड्राइव्हच्या पट्ट्या हिरवट पडतात, मध्येच कनेक्शन सुटतं आणि लिहिणं अर्ध्यात थांबतं, शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासलं तर बऱ्याचदा सुधारतो, नाही सुधारला तर टाकून द्या, त्याच्याशी भांडत बसू नका.

डाउनलोड हा आमच्याकडचा वेगळा विषय. लिनक्स मिंटची आयएसओ ३ जीबीच्या आसपास, विंडोज ११ ची ५ जीबीच्या वर, आणि रोजचा नेटपॅक दीड जीबीचा, तोही देवळाकडच्या वळणावर उभं राहिलं तर. अर्ध्यात तुटलं की ब्राउझर कधी कधी पहिल्यापासून सुरू करतो. मिंट टॉरंटनेही मिळतं, तेही अधिकृत, तुटलं तरी तिथूनच पुढे चालू होतं, आज थोडं उद्या थोडं. नाहीतर कणकवलीत कोणाकडे वायफाय असेल तर बाजाराच्या दिवशी काम उरकून घ्या, मी तेच करतो. फाइल मात्र कंपनीच्या किंवा प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायची, टेलिग्रामवरून कोणी पाठवलेली ऑलरेडी ॲक्टिव्हेटेड वगैरे अजिबात नको, त्यात आणखी काय काय ॲक्टिव्हेट केलंय ते कळायला मार्ग नसतो.

तुटत तुटत उतरवलेली फाइल धड आहे का ते तपासायची सोय असते. साइटवर एसएचए २५६ म्हणून ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलवरून तीच ओळ काढायची, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आहे त्यासाठी, आणि दोन्ही जुळवून बघायच्या. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खी ओळ वेगळी येते. दोन मिनिटांचं काम आहे, मी आळस करून एकदा सोडलं आणि इन्स्टॉल ७० टक्क्यांवर तीन वेळा अडकलं तेव्हापासून सोडत नाही.

रुफसमध्ये एक प्रश्न लोकांना गोंधळवतो, पार्टिशन स्कीम जीपीटी की एमबीआर, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत की जुनी. लिहायच्या आधी, ज्या मशिनवर टाकायचंय त्यात एमएसइन्फो३२ असं शोधून उघडा, बायॉस मोड यूईएफआय लिहिलं असेल तर जीपीटी, लेगसी लिहिलं असेल तर एमबीआर, संपला विषय. आणि मिंटची आयएसओ लिहिताना तो विचारतो आयएसओ मोड की डीडी मोड, म्हणजे फाइली उलगडून मांडू की जशीच्या तशी प्रत उतरवू, पहिला घ्या, नाही चालला तर परत दुसऱ्याने लिहा. विंडोजच्या आयएसओत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि एफएटी ३२ मध्ये एवढी मोठी फाइल मावत नाही, म्हणून हाताने मांडामांड करायला जाणारे तिथे अडकतात, रुफस त्यातून स्वतः वाट काढतो.

आता परत त्या काळ्या स्क्रीनकडे. बूट मेनूची बटणं कंपनीप्रमाणे वेगळी, डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप किंवा एफ ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. लोगो दिसायच्या आधीपासून टकटक दाबत राहायचं. वेळ साधता येत नसेल तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा मेनू येईल, त्यात यूज अ डिव्हाइस. आणि शटडाउन करून चालू करू नका, रीस्टार्टच करा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार आहे, तो चालू असला की शटडाउनमध्ये मशिन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं.

काळ्या स्क्रीनवर खरंच हात न लावण्यासारखं थोडंसंच आहे, तेही बूट मेनूत नाही, आत सेटिंगमध्ये. साटा मोड, म्हणजे मशिन डिस्कशी कसं बोलतं ती सेटिंग, बदलायचा नाही, नाहीतर आहे ते विंडोज उघडेना होतं. सिक्युअर बूट, म्हणजे ओळख पटलेल्या सिस्टिमलाच सुरू होऊ देणारी राखण, तोही उगाच बंद करू नका, मिंटला आणि विंडोजला तो चालतो. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर सिक्युअर बूट हलवल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते आणि अकाउंटचा पासवर्ड मुंबईतल्या भाच्याला माहीत असतो जो नेमका फोन उचलत नाही. ती आधी लिहून ठेवा. चुकून काही बदललं असं वाटलं तर सेव्ह न करता बाहेर या, झालं.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की ते लगेच इन्स्टॉल होत नाही, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ते पेनड्राइव्हवरून रॅममध्ये उघडून चालतं, हार्ड डिस्कला बोटही न लावता. वायफाय पकडतोय का, आवाज येतोय का, टचपॅड, कॅमेरा, प्रिंटर, सगळं करून बघा. काकांना तिथेच डबलबारी लावून दिली, बघत बसले, म्हणाले, "म्हणजे ह्या इंडोज नाय?" जुने काही लेझर प्रिंटर लिनक्सवर रुसतात, टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं तो फॉन्ट नसेल तर अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. यातलं काही तुमच्या रोजच्या पोटापाण्याचं असेल तर मिंटच्या नादी लागू नका, पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, घर जसंच्या तसं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर बरी चालते, म्हणून काकांसाठी ती घेतली.

ज्यांचं विंडोज पार उघडतच नाही त्यांनाही ह्याच पद्धतीने जुन्या डिस्कमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घेता येतात. बिटलॉकर असेल तर तीच की लागेल.

आणि कॉपी म्हणजे सगळं. डेस्कटॉपवर ठेवलेलं सुरक्षित आहे असं लोकांना का वाटतं देव जाणे, डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. काकांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या ढिगाखाली घराच्या सातबाऱ्याचं स्कॅन सापडलं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड वेगळे काढून घ्या, ते फोल्डरमध्ये दिसत नाहीत म्हणून विसरतात.

आता ते गोड बटण. मिंटचा इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो (इंग्रजीच्या जोडीला मराठी इनस्क्रिप्ट नंतर घालता येतो), आणि मग शांतपणे विचारतो, विंडोजच्या शेजारी टाकू की डिस्क पुसून टाकू. शेजारी टाकू हा पर्याय सी ड्राइव्हमधली मोकळी जागा कापून घेतो, दोन्ही राहतात, सुरू करताना निवडायचं. डिस्क पुसून हा पर्याय म्हणजे अख्खी डिस्क, सी पण, डी पण, डी मध्ये ठेवलंय म्हणून वाचेल असं नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तर सी, डी ही अक्षरं दिसतच नाहीत, ड्राइव्ह ० पार्टिशन १, पार्टिशन २ असं काहीतरी दिसतं, माणूस सी शोधत बसतो आणि मग अंदाजाने डिलीट दाबतो.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो म्हणजे कळेल. आतेभावाचा जुना लॅपटॉप, ५०० जीबीची डिस्क. सगळं नीट बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं, तीही ५०० चीच. आणि ती काढायची विसरलो, लॅपटॉपलाच लावलेली राहिली. इन्स्टॉलरने विचारलं कुठली डिस्क पुसू, यादीत दोन, एसडीए आणि एसडीबी, आकार सारखा. बाहेर विजा चमकायला लागलेल्या, बॅटरी मेलेली, लाइट जायच्या आत उरकू म्हणून घाईत मी दुसरी निवडली. त्याने परत एकदा विचारलं, डिस्कवर बदल लिहू का, खाली कुठली पार्टिशन फॉरमॅट होणार त्याची नावंही दिली, आणि मी न वाचता कंटिन्यू. संपल्यावर रीस्टार्ट केलं तर समोर जुनं विंडोज जसंच्या तसं, तेव्हा पोटात गोळा आला. मी बॅकअप पुसून त्यावर मिंट टाकलं होतं. विंडोजवरचं उरलेलं वाचलं, पण लग्नाचे फोटो जागा होत नाही म्हणून फक्त त्या बाहेरच्या डिस्कवर होते. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवलं, त्याने पुष्कळ परत आणले पण नावं, फोल्डर सगळं जातं, नुसते एफ आणि पुढे आकडे. हळदीचे आले, जेवणावळीचे आले, लग्न लागतानाचे नाही आले. वहिनी अजून मला कॉम्प्युटरवाले भावजी म्हणते, कशासाठी ते मला माहीत आहे.

तेव्हापासून तिथे पोचलो की माझे हात मागे. बाहेरची प्रत्येक डिस्क काढलेली, लॅपटॉपला फक्त तो एक पेनड्राइव्ह. आकार बघायचा, ५०० ची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, लिनक्समध्ये ५००, गोंधळायचं नाही. शेवटची सूचना मोठ्याने वाचायची, घरातल्या कोणाला तरी ऐकवायची, त्यांना नाही कळलं तरी चालेल, वाचताना आपल्याला कळतं. काकांना वाचून दाखवली तर म्हणाले, "मगे मघाशी दाबूक सांगलंय तेव्हा कित्याक नाय दाबलंस?" काय सांगणार.

पुढचं काहीच नाही, वीसेक मिनिटं पट्टी सरकते. मध्येच लाइट गेली आणि बॅटरी नसली तर मशिन जळत वगैरे नाही, फक्त परत पहिल्यापासून करायचं, बॅकअप आहेच. गडगडायला लागलं तर मात्र चार्जरची पिन काढा, इन्स्टॉल गेलं तर जाऊदे, मदरबोर्ड गेला तर गेलाच. ज्यांनी विंडोजच परत टाकलंय त्यांना, लॅपटॉप विंडोज ८ च्या नंतरचा असेल आणि विंडोजसकट आला असेल तर, प्रॉडक्ट की बहुतेक द्यावी लागत नाही, ती मदरबोर्डमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

काकांचा लॅपटॉप आता पाऊण मिनिटात उघडतो. साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली तर आणखी पळेल, सिस्टिम बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो, पण ते आंब्याच्या पैशांवर आहे. बुकिंगची वही लिब्रेऑफिसमध्ये उघडली, एका खोलीचा रंग तेवढा बदलला, बेरजा बरोबर.

दोन दिवसांनी काका पेनड्राइव्ह घेऊन परत आले, गाडीत भजनं लावायला त्यांनी तो विंडोजवाल्या शेजाऱ्याकडे लावला तर फॉरमॅट करू का विचारतोय आणि १६ जीबीचा नुसता काही एमबीचा दिसतोय. त्यांना वाटलं मी बिघडवला. बिघडलेला नसतो, शेवटी डीडी मोडने लिहावा लागला होता आणि ती लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. रुफस उघडायचं, बूट सिलेक्शनमध्ये नॉन बूटेबल निवडायचं, एफएटी ३२ ठेवायचं, स्टार्ट. मिनिटभरात परत १६ जीबीचा होतो. मी करून दिला, आणि मग त्यांनी खिशातून दुसरा काढला, "ह्यो पण बग, ह्यो आमच्या जावयाचो."